डीव्हीची नोटीस आली: आता काय करायचं?

पोलीस नोटीस घेऊन दारात आला की पहिला सल्ला बहुधा मावसभावाचा असतो: "सहीच करू नको, केस पुढे सरकणार नाही." केस सरकते. नोटीस दाराला चिकटवतात, बजावणी झाली अशी नोंद होते, एकतर्फी आदेश होतो आणि तुम्हाला पत्ता लागतो तो वसुलीचं वॉरंट निघाल्यावर. सही करा, तारीख वाचा, कागद जपून ठेवा.

मग कागद कोणता आहे ते बघा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खालचा अर्ज असेल, म्हणजे कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे डीव्ही म्हणतात तो, तर तुम्ही आरोपी नाही, सामनेवाले आहात, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो पक्ष. या नोटिशीवर अटक होत नाही, जामीनही लागत नाही. पोलीस ठाण्यातला बायकोच्या छळाचा गुन्हा वेगळा: भारतीय दंड संहितेचं जुनं 498अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तिथेही सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेशकुमार निकालानंतर सरसकट उचलून नेता येत नाही. सहसा हजर राहण्याची नोटीस येते. बोलावलं की जा. पाठ फिरवलीत तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत. धास्ती खरीच असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा.

वकील करा, ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. वकिलाला खरं सांगा, हात उचलला असेल तर तेही. वकील म्हणून मला ते पहिल्यांदा समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकायला मिळालं, तर तुमच्यासाठी करण्यासारखं फार थोडं उरतं.

बायकोला फोन करायचा नाही, तिच्या माहेरी चार माणसं पाठवायची नाहीत. संपर्क करू नये असा संरक्षण आदेश झाला असेल तर "चुकलं, परत ये" हा मेसेजसुद्धा आदेशाचा भंग ठरतो, आणि त्याला कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. जामीनही न लागणाऱ्या केसमधून लोक तुरुंगात जातात ते या वाटेने.

आता खरी अडचणीची जागा: उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात, डीव्हीतल्या पोटगीसह, ते दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. अशिलांना हा एक फॉर्म वाटतो. माझ्या मते निम्मी केस इथेच ठरते.

मी इथे एकदा तोंडावर आपटलो आहे. अशिलाने पगार 14,000 सांगितला, मी विचारपूस न करता लिहिला. पुढच्या तारखेला समोरून त्याच्याच गाडीच्या कर्जाचा अर्ज आला. त्यात त्याने स्वतःच्या अक्षरात 52,000 लिहिले होते. बायको सहकर्जदार होती, झेरॉक्स तिच्याकडे असणारच. अंतरिम पोटगी 52,000 धरून झाली आणि आदेशात "सामनेवाल्याने उत्पन्न दडवले" हे वाक्य आलं. त्या एका वाक्याने पुढे त्याचे खरे मुद्देही कुणी ऐकून घेतले नाहीत. तेव्हापासून तीन वर्षांचे बँक उतारे टेबलावर आल्याशिवाय मी पेन उचलत नाही. ते उतारे तसेही शपथपत्राला जोडावेच लागतात.

भरताना सगळी खाती लिहा, बंद पडलेलंसुद्धा. धंदा रोखीचा असेल तर महिन्याचा खरा अंदाज द्या. शून्य लिहिलंत तर कोर्ट स्वतःचा अंदाज धरतं आणि तो तुमच्यापेक्षा मोठा असतो. शेती असेल तर शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, तो वापरा. जमीन भावाच्या नावावर करण्याचा सल्ला देणाऱ्याला घराबाहेर काढा. सातबारा कुणीही मोबाईलवर बघतं आणि फेरफारावर तारीख असते. नोकरी सोडण्याचा सल्लाही तसलाच: धडधाकट माणूस कमवू शकतो, असं धरूनच कोर्ट चालतं. प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी पगारातून वजा धरतात, हौसेने काढलेल्या कर्जाचा हप्ता सहसा धरत नाहीत.

तुमच्या बाजूचं लिहायलाही इथेच जागा आहे. अवलंबून असलेले आई-वडील, त्यांच्या औषधांची बिलं लावा. बायकोच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला जे माहीत आहे त्याचाही रकाना आहे. मात्र "ती शिवणकाम करते म्हणे" असलं ऐकीव भरू नका. ती शिकवते त्या शाळेचं नाव, तिच्या खात्यात पगार येत असल्याचा पुरावा, असं काही असेल तरच. खोटं शपथपत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे, तुम्हालाही आणि तिलाही.

शपथपत्राची मुदत जास्तीत जास्त चार आठवडे. तारखा मागत राहिलात तर बचावच काढून टाकता येतो, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. महिना 10,000 ठरले आणि तुम्ही चौदा महिने लांबवलंत, तर 1,40,000 एकदम अंगावर.

म्हणणं मांडताना अर्जातल्या परिच्छेदाला परिच्छेद उत्तर द्या. तिच्या चारित्र्याबद्दल पुराव्याशिवाय एक ओळही नको; तसं काही लिहायला मी सरळ नकार देतो, कारण शाब्दिक आणि भावनिक छळ हाही याच कायद्याखाली हिंसाचार आहे आणि तुमचाच कागद तिचा पुरावा होतो. वेगळ्या राहणाऱ्या बहिणीला किंवा काकाला गोवलं असेल तर त्यांचं रेशनकार्ड, वीजबिल लावून नाव कमी करण्याचा अर्ज द्या. मोबाईलमधलं काही दाखल करायचं असेल तर मूळ फोन विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

आदेश पटला नाही तर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील. नोकरी गेली, आजारपण आलं, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्याच कलम 25 खाली रक्कम बदलून मागता येते. पण अपील दाखल केलं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही, तोवर पैसे भरत राहा. बँकेतूनच भरा आणि शेऱ्यात महिना लिहा. मेव्हण्याच्या हातात रोख दिलेले पैसे कोर्टाने धरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.