इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी घरातला प्लग बघा, आणि या चुका टाळा

आम्ही साताऱ्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली, तेव्हापासून नात्यातले आणि कॉलनीतले लोक घेण्याआधी आमच्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" गाडी रात्री कुठे उभी राहणार, तिथे प्लग आहे का, त्याला अर्थिंग आहे का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मग गाडी दारात येते, पेढे वाटून होतात आणि संध्याकाळी फोन येतो: "चार्जरवर लाल दिवा लागतोय, गाडीच खराब दिली वाटतं."

गाडी बहुतेक वेळा ठीक असते. घराचं अर्थिंग गेलेलं असतं. जुन्या घरांत अर्थिंगची वायर प्लगच्या तिसऱ्या भोकापर्यंत आलेलीच नसते, नाहीतर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. फ्रिज, मिक्सर त्यावाचून चालतात म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर सुरूच होत नाही. अशा वेळी एखादा वायरमन म्हणतो, "वहिनी, न्यूट्रलवरून एक तुकडा मारून देतो, पाच मिनिटांचं काम." त्याला हात लावू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटली तर त्याच तुकड्यातून गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि दाराला हात आपली मुलंच लावतात. नवा खड्डा खणून घ्या. गाडीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

दुसरी चूक एक्स्टेन्शन बोर्डची. ती आमच्या घरात घडली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

गौरी-गणपतीला आम्ही चिपळूणला यांच्या मामांकडे गेलो होतो. तीन दिवस फिरणं झालं, गुहागरला जाऊन आलो आणि बॅटरी 26 टक्क्यांवर आली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मामांच्या न्हाणीघराशेजारी गिझरचा 15 अँपिअरचा प्लग होता, पण अंगणापर्यंत वायर पुरेना. मामेभावाने मंडपाचं जाड दिसणारं एक्स्टेन्शन आणलं. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, गिझर चालतो ना त्याच्यावर?"

गिझर पंधरा-वीस मिनिटांत आपोआप बंद होतो. गाडी रात्रभर, आठ-दहा तास, सलग 13 अँपिअरच्या आसपास ओढत राहते. प्लगमध्ये एखादी पट्टी सैल असेल तर गिझरच्या वेळात ती नुसती कोमट होते, गाडीच्या वेळात वितळते. रात्री साडेअकराला सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी जळतंय गं." जाऊन पाहिलं तर बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडून खाली ओघळलं होतं आणि वर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मेन स्विच पाडला. घरात अकरा माणसं झोपलेली होती. तो वास मी विसरलेले नाही.

गाडी 43 टक्क्यांवर राहिली, आणि त्यातून तिसरी चूक झाली: स्क्रीनवरच्या किलोमीटरवर विसंबणं. स्क्रीन म्हणत होता 140, सातारा होतं सव्वाशे. हे म्हणाले, "पुरेल." तो आकडा गाडीच्या आधीच्या चालीवरून काढलेला अंदाज असतो. पुढे कुंभार्ली घाट आहे, हे तो आकडा धरत नाही. पाच माणसं आणि सामान धरून 1800 किलोची गाडी सहाशे मीटर वर न्यायची तर नुसत्या उचलण्यालाच तीन युनिट लागतात. सपाटीवर तेवढ्यात वीस किलोमीटर होतात. घाटमाथ्यावर 23 टक्के उरले. एसी बंद, काचांवर धुकं, गाडीत कुणी बोलेना. पाटणला ओळखीच्या लॉजवर पोचलो तेव्हा 11 टक्के होते. तिथे चार तास प्लग लावून बसलो, तेव्हा घर गाठता आलं.

तेव्हापासून मी किलोमीटरकडे बघतच नाही, टक्के बघते. आमची बॅटरी 40.5 युनिटची आहे आणि माझा हिशोब एका युनिटला साडेसहा किलोमीटरचा. घाट असला तर प्रत्येक दोनशे मीटर चढाला एक युनिट वेगळं काढते, आणि पोचताना 20 टक्के उरले पाहिजेत असं धरूनच निघते. जाहिरातीतला प्रमाणपत्राचा आकडा या हिशोबात येत नाही. ती चाचणी आपल्या रस्त्यावर, आपल्या सामानासकट झालेली नसते.

प्लगचं म्हणाल तर घरी मीटरपासून थेट चार एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच), शिवाय कारखान्यात असतो तसला निळा सॉकेट बसवून घेतला. चार्जिंग लावलं की अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघते. कोमट चालेल, चटका बसला तर बंद. परगावी चार्जिंग कमी अँपिअरवर ठेवते. वेळ लागतो, लागू दे. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी अजून एक वर्ष पेट्रोलची गाडी चालवावी.

बाकीच्या चुका थोडक्यात. सोसायटीत राहत असाल तर बुकिंगच्या आधी चार्जिंगच्या प्लगसाठी कमिटीचं लेखी पत्र घ्या, तोंडी "हो हो" नको. प्रवासात एकाच चार्जिंग स्टेशनवर भरवसा ठेवू नका. ते बंद निघेल असं धरून त्याच्या अलीकडचं हेरून ठेवा. चार्जिंग स्टेशनचं ॲप घरी वायफायवर उतरवून पैसे भरून ठेवा, घाटात मोबाइलला रेंज नसते. फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग खूप पडतो, म्हणून शंभर करत बसू नका, मागे रांग असते. मात्र गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर घरी अधूनमधून शंभर करा, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. नाहीतर टक्के चुकीचे दिसायला लागतात.

आणि पाचगणी-महाबळेश्वरला मुक्काम असेल तर सकाळी शंभर टक्के करून पसरणी घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज परत जायला जागा नसते, त्यामुळे गाडी स्वतः रोखून धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आम्ही तिथे 85 वर प्लग काढतो. वाईत पोचेपर्यंत दोन-तीन टक्के वाढलेलेच असतात.