ऑटो-पे चालू होतं, तरी बाकी तशीच

गणपतीला मुंबईची सगळी माणसं मालवणला घरी येतात. त्या वर्षी आरास, किराणा, घराचा रंग सगळं क्रेडिट कार्डावर घेतलं. बिल 38,000. ऑटो-पे लावलेलं, म्हणजे पैसे खात्यातून आपोआप जाणार, म्हणून मी निर्धास्त.

चार महिन्यांनी स्टेटमेंट नीट वाचलं, तर बाकी जवळजवळ तेवढीच! ऑटो-पे ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे बिलातल्या भरावीच लागणाऱ्या किमान रकमेवर होतं. खात्यातून 1,900 जायचे. त्यातले साधारण 1,570 महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्यावरच्या 18 टक्के जीएसटीत. मुद्दलात जेमतेम 330. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे वाण्याकडच्या तांदळावरही पहिल्या दिवसापासून व्याज. हे कार्ड देताना कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे.

बायको म्हणाली, “पतपेढीतली एफडी मोडूया. तिथे सात टक्के मिळतात, इथे वर्षाला बेचाळीस जातायत.” मोडली, सगळी बाकी भरली. ॲपमध्ये ऑटो-पे ‘टोटल ड्यू’वर, म्हणजे पूर्ण बिलावर केलं. पुढच्या बिलात मागचं थोडं व्याज आलं, तेही भरलं.

आता मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करतो. ती पुढच्या बिलात येते, म्हणून पैसे जमवायला दीड महिना तरी मिळतो.