हेडफोनला ईक्यू लावताय? या चुका टाळा

तीन आठवडे मी एका मित्राचं डोकं खात होतो. ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या हव्या तशा कमी-जास्त करणारी सोय) लावल्यापासून तानपुऱ्याची जवारी कशी मोकळी झाली, डग्ग्याचा घुमारा कसा जागेवर आला, वगैरे. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की ईक्यू लागलेलाच नव्हता! प्लेअरमध्ये मी कधीतरी हौसेने वासापी एक्सक्लुझिव्ह मोड चालू करून ठेवला होता. त्या मोडमध्ये गाणं विंडोजच्या नेहमीच्या वाटेने न जाता थेट डॅककडे (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणाऱ्या यंत्राकडे) जातं, आणि इक्वलायझर एपीओ हा माझा ईक्यूचा प्रोग्रॅम बसलेला असतो तो नेमका त्या नेहमीच्या वाटेवर. फिल्टर (ईक्यूतले एकेका पट्टीचे बदल) स्क्रीनवर झळकत होते आणि गाणं मागच्या दाराने निघून जात होतं. मोकळी झाली होती ती जवारी माझ्या डोक्यातली.

मित्राला मी हे अजून सांगितलेलं नाही. पण यातून एक कळलं: ईक्यूच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणारी वस्तू हेडफोन नसून आपला कान असतो. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

ईक्यू चालू आहे असं गृहीत धरणं

तपासायला दहा सेकंद लागतात. ईक्यूमधला प्रीअँप (एकूण आवाज कमी-जास्त करणारा आकडा) उणे ३० डीबीवर (डेसिबल, आवाजाचं माप) न्या. आवाज एकदम पडला, तर ईक्यू वाटेत आहे. नाही पडला, तर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ (तशीच आणखी एक थेट वाट) चालू आहे का ते बघा, आणि ईक्यू भलत्याच आउटपुटवर तर बसवला नाही ना तेही बघा. डॅक दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की विंडोज कधीकधी त्याला नवीन पाहुणा समजतं आणि जुना ईक्यू जुन्याच नावावर राहतो. अँड्रॉइडवरही तीच गत. यूएसबी डॅकशी थेट बोलणारे प्लेअर फोनच्या ईक्यूला विचारत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात त्यांचाच ईक्यू वापरावा लागतो. ही कटकट नको असेल तर ईक्यू आतच साठवणारं यंत्र घ्यावं. क्युडेलिक्स ५के किंवा आरएमई एडीआय-२ डॅक यांच्यात ती सोय आहे.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. फोनमध्ये एक ईक्यू, गाण्याच्या ॲपमध्ये दुसरा, आणि ब्लूटूथ हेडफोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये कधीकाळी लावलेला ‘बेस बूस्ट’. तिघं मिळून असा काही गोंधळ घालतात की माणूस हेडफोनलाच दोष देतो. एकच ईक्यू ठेवा, बाकी सगळे बंद.

प्रीअँप शून्यावर ठेवणं

डिजिटल आवाजाला वर पक्कं छत असतं, शून्य डीबी. हल्लीची बरीच गाणी या छताला डोकं टेकवूनच बाहेर पडतात. त्यात तुम्ही बेस ५ डीबीने उचलला की शिखरं छतावर आपटून कापली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. ऐकताना ते दरवेळी चरचरीसारखं जाणवत नाही. तबल्याची थाप बोथट वाटते, वरच्या सुरात गळा उगाच कर्कश होतो, आणि आपण म्हणतो, ‘ईक्यूने मजा घालवली.’

उपाय साधा आहे. जेवढं उचललं तेवढं प्रीअँपमधून आधी उतरवायचं. पण इथे एक मेख आहे. १०० हर्ट्झवर ५ डीबीचा लो शेल्फ (त्या आकड्याखालचा सगळा बेस उचलणारा फिल्टर) आणि ६० हर्ट्झवर ३ डीबीचा पीक (त्या आकड्याच्या आसपासच उचलणारा फिल्टर) असेल, तर सगळ्यात मोठा आकडा ५ आहे म्हणून उणे ५ लावून भागत नाही. ६० हर्ट्झवर दोघांची बेरीज होऊन ती सातच्या वर जाते. एकेका फिल्टरकडे पाहू नका. सगळे मिळून तयार झालेल्या रेषेचं सर्वांत उंच टोक पाहा आणि प्रीअँप त्याच्यापेक्षा किंचित जास्त उतरवा, इथे उणे ८.

यामुळे एकूण आवाज कमी होतो, तो अँपने (अँप्लिफायरने) भरून काढायचा. ६ डीबी म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि पॉवर चौपट, हे लक्षात ठेवा. ३०० ओहमचा हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला लावून वर उणे ८ चा प्रीअँप ठेवला, तर नॉब पूर्ण फिरवूनही गाणं शेजारच्या खोलीत चालल्यासारखं वाटेल. तो दोष ईक्यूचा नाही.

कमी-जास्त आवाजात तुलना करणं

दोन आवाजांत फक्त एखाद्या डीबीचा फरक असला, तरी जो मोठा तो आपल्याला ‘खुला’, ‘जिवंत’ वगैरे वाटतो. प्रीअँपसह ईक्यू बंद-चालू करून तुलना केली तर ईक्यू नेहमीच हरणार, आणि प्रीअँप नसेल तर नेहमीच जिंकणार. दोन्ही निकाल खोटे. ‘ईक्यू’ आणि ‘ईक्यूविना’ असे दोन प्रीसेट करा आणि दोन्हींत प्रीअँप तोच ठेवा. मग गाणाऱ्याचा मधला आवाज दोन्हीकडे सारखा वाटतो का, ते पाहून मगच मत द्या.

याच घरातली आणखी एक चूक म्हणजे रात्री घर झोपल्यावर अगदी हळू आवाजात ईक्यू ठरवणं. आवाज लहान असला की कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. रात्री बरोबर वाटलेला बेस दुपारी नेहमीच्या आवाजात ऐकला की लग्नाच्या वरातीतला डीजे वाटतो.

तयार प्रीसेट जसाच्या तसा गिळणं

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि त्यात वावगं काही नाही. ऑटोईक्यू या ऑनलाइन संग्रहात हजारो हेडफोनचे प्रीसेट (तयार फिल्टरांचे संच) आहेत. ओरेटरी१९९० या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिअभियंत्याचे हाताने बसवलेले प्रीसेटही खूप वापरले जातात. पण हे प्रीसेट कशावरून बनतात ते माहीत असावं. कोणीतरी एक हेडफोन कृत्रिम कानावर ठेवून मोजतो, आणि त्या मापाला एका ठरलेल्या रेषेकडे (कुठल्या पट्टीत आवाज किती हवा हे दाखवणाऱ्या आलेखाकडे) ओढून नेणारे फिल्टर काढतो. ती रेषा बहुधा हरमन या ऑडिओ कंपनीची असते. हरमनमध्ये शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं लोकांना ऐकवून, विचारून ती घडवली. २०१८ ची आवृत्ती आज सर्वाधिक चालते. म्हणजे ती ‘बहुतेकांना काय आवडलं’ याची सरासरी आहे. सरासरी मापाचा सदरा बऱ्याच जणांना बसतो, पण बाही आपली आपणच दुमडायची असते.

आता यात चुका कुठे होतात? पहिली, मापांची सरमिसळ. एकाच हेडफोनची वेगवेगळ्या यंत्रांवरची मापं ऑटोईक्यूवर असतात. हरमनची रेषा ग्रास कंपनीच्या मापयंत्रावर घडली. ब्रुएल अँड केअर कंपनीच्या ५१२८ या यंत्राचा कान वेगळ्या घडणीचा, म्हणून त्यावरचं माप सरळ हरमनच्या रेषेशी ताडून पाहणं म्हणजे तोळ्याचा भाव किलोला लावणं. दुसरी, आठ-दहा किलोहर्ट्झच्या वरच्या फिल्टरवर विश्वास. तिथे हेडफोन डोक्यावर चार मिलिमीटर सरकला तरी रेषा बदलते, आणि यंत्राचा कान तुमचा कान नसतो. एवढ्या उंचीवरचे टोकदार फिल्टर मी बिनदिक्कत पुसून टाकतो.

तिसरी चूक संगीताशी जोडलेली आहे, म्हणून जरा थांबतो. हरमनच्या रेषेत साधारण शंभर हर्ट्झच्या खाली बेस चांगलाच उचललेला आहे. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. म्हणजे हा उचललेला बेस नेमका खरजावर बसतो. कधी ते सुंदर लागतं. मैफलीत पुढच्या रांगेत बसल्यासारखं. पण एखाद्या ध्वनिमुद्रणात तानपुरा आधीच माइकच्या नाकासमोर असेल, तर तो गवयाच्या अंगावर चढतो. माझा इलाज असा: शेल्फचा आकडा निम्मा करायचा, दोन दिवस ऐकायचं, मग ठरवायचं.

सेनहायझर एचडी ८०० चं उदाहरण घ्या. २००९ चा हा हेडफोन मोकळ्या, रुंद आवाजासाठी जितका नावाजला, तितकाच ६ किलोहर्ट्झच्या आसपासच्या उंचवट्यासाठीही. पुढच्या एचडी ८०० एसमध्ये तो कमी करण्यासाठी आत शोषक बसवला गेला. तयार प्रीसेट दहा फिल्टर पुढ्यात टाकतो. त्यातला ६ किलोहर्ट्झचा एकच घ्या. उणे ४-५ डीबी, क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) दोनच्या आसपास. नऊ दशांश काम तिथेच होतं. मग लो शेल्फ ३ डीबी. उरलेल्या आठांची खरंच गरज आहे का, ते एकेक लावून बघा. दहाही एकदम लावले तर कशाने काय झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आलेख सपाट करायचा हट्ट

हेडफोनच्या मापाचा कच्चा आलेख पाहिला की ३ किलोहर्ट्झला डोंगर दिसतो आणि हात शिवशिवतात. त्याला हात लावू नका. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद असते. ती साधारण याच पट्टीत स्वतःच घुमते. आपण जन्मापासून सगळं जग या डोंगरासकट ऐकत आलोय. तो कापलात की गाणारा तोंडावर रुमाल धरून गातोय असं वाटेल. खोल, अरुंद खड्डे भरायलाही जाऊ नका. तो खड्डा पुष्कळदा मापाच्या कानाचा असतो, हेडफोनचा नसतो, आणि तुम्ही तिथे ७ डीबी ओतले तर तुमच्या कानात सुई तयार होते.

टोचतंय कुठे हे न शोधता ट्रेबल कापणं

ग्राफिक ईक्यूवर (ठरलेल्या पट्ट्या वर-खाली करायच्या ईक्यूवर) ८ किलोहर्ट्झची पट्टी खाली ओढणं म्हणजे दात दुखतो म्हणून अख्खा जबडा बांधून ठेवणं. तक्रार ६ ची असते आणि आपण ८ दाबतो; टोचणं तसंच राहतं, वर झांजा मेलेल्या. पॅरामेट्रिक ईक्यू (ज्यात जागा आणि रुंदी आपण ठरवतो) घ्या आणि जागा शोधा.

मी टोन जनरेटरवर (हवा तो एकच सूर वाजवणाऱ्या साधनावर) अगदी हळू आवाजात ४ ते १० किलोहर्ट्झ सावकाश फिरवतो. जिथे सूर एकदम पुढे येऊन टोचतो तो आकडा लिहायचा, हेडफोन काढून पुन्हा घालायचा आणि परत फिरवायचं. आकडा तोच आला तर तिथे उणे ३ डीबी. आकडा सरकला तर तो बसण्यातला फरक, सोडून द्यायचा. मग खात्री करायला गाणं लावत नाही, मराठी बोलणं लावतो. बातम्या, कथाकथन, काहीही. आपल्या भाषेत दोन ‘च’ आहेत. ‘चमचा’, ‘चाक’, ‘चांदणं’ यांतला दंत्य ‘च’ दातांमागून सटकन सुटतो, आणि ‘चिंच’, ‘चार’ यांतला मऊ असतो. चमच्याचा ‘च’ कानात पिन टोचल्यासारखा लागला तर अजून कापायचंय. चमचा आणि चिंच यांतला फरकच पुसला गेला, तर जास्त कापलंय. कुठल्याही महागड्या चाचणी-गाण्यापेक्षा मला ही कसोटी जास्त खरी वाटते.

ओपन-बॅककडून सबवूफरची अपेक्षा

डायनॅमिक ड्रायव्हरचे (साध्या स्पीकरसारख्या कॉइलवर हलणाऱ्या पडद्याचे) बहुतेक ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली उतरायला लागतात. तिथे ३-४ डीबी चालतात. १० डीबी दिले की बेस वाढण्याऐवजी विकृती वाढते, आणि मोठ्या आवाजात पडदा फडफडल्यासारखा ऐकू येतो. ऑडिझी एलसीडी-२ सारखे प्लेनर (सपाट पातळ पडद्याचे) हेडफोन अशी ढकलाढकल सोसतात. पण ख्याल ऐकणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, तीस हर्ट्झला आपल्या ध्वनिमुद्रणात आहे काय? वर सांगितलेला खरज ६९ ला आहे. त्याच्या खाली बहुधा पंख्याची घरघर आणि मंचावर कोणीतरी मांडी बदलल्याचा धप्प. तेवढंच तुम्ही उचलत असता.

जुन्या ध्वनिमुद्रणांचंही तसंच. केसरबाई केरकरांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत वरच्या पट्टीत गाणं फारसं उतरलेलंच नाही. तिथे ट्रेबल वाढवला की वाढते ती खरखर. अशा गाण्यांसाठी मी वेगळा प्रीसेट ठेवलाय, त्यात वरून हलकं उतरवलेलं आहे आणि बाकी काहीच नाही.

पॅड आणि चष्मा विसरणं

पॅड दबले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो. प्रीसेट मात्र नव्या पॅडवर मोजलेला असतो. आपल्याकडच्या दमट हवेत रेक्झिनसारख्या पॅडचे पोपडेही लवकर निघतात. एकदा मी ऑनलाइन स्वस्तातले ‘अगदी ओरिजिनलसारखे’ पॅड घेतले आणि नंतर दोन महिने ट्रेबल कापत बसलो. जुने पॅड परत लावले तेव्हा कुठे गुन्हेगार सापडला. बंद हेडफोन वापरणाऱ्या चष्मेवाल्यांनी आधी चष्मा काढून ऐकावं. दांडीच्या फटीतून बेस गळत असेल, तर तो ईक्यूने भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

सध्या माझ्या ओपन-बॅकवर तीनच फिल्टर आहेत: ९० हर्ट्झला लो शेल्फ ३.५ डीबी, २०० हर्ट्झला उणे १.५, आणि ६२०० हर्ट्झला उणे ४. प्रीअँप उणे ४. प्रीसेटच्या नावात पॅड बदलल्याचा महिना लिहून ठेवतो. तिसरा फिल्टर लवकरच पुन्हा तपासावा लागणार, कारण नवे पॅड कुरिअरमध्ये आहेत. या वेळी ओरिजिनल.