कॅम्पस हिरवा करायचाय? मग या चुका टाळा

विद्यापीठाची वीज नेमकी कुठे मुरते हे पाहायचं असेल, तर मीटर रात्री दोन वाजता वाचा. वर्ग रिकामे, कार्यालयं बंद, आणि तरीही दिवसाच्या निम्मा भार दिसतोय? मग छतावर सौर पॅनेल चढवण्याआधी तो भार शोधा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. आधी पॅनेल बसतात, उद्घाटन होतं आणि खालची उधळपट्टी तशीच चालू राहते.

सगळ्या परिसराला एकच मीटर असेल, तर ती दुसरी चूक. वीज विभाग वापरतात, बिल मुख्य कार्यालय भरतं. विभागप्रमुखांना स्वतःचा आकडाच दिसत नाही, मग काटकसर करणार कोण? प्रत्येक इमारतीला सबमीटर बसवा आणि दर महिन्याचे युनिट त्याच इमारतीच्या दारात लावा.

प्रयोगशाळांकडे बघायला लोक कचरतात. मला तर खरं काम तिथेच दिसतं. उणे ८० अंशांचा फ्रीझर उणे ७० वर आणला, तर वीज साधारण ३० टक्क्यांनी कमी लागते. पुष्कळ नमुने त्या तापमानालाही टिकतात, पण संशोधकांना विचारल्याशिवाय सेटिंग बदलू नका. तापमान न बदलताही बरंच करता येतं: दाराच्या रबरावर साचलेला बर्फ काढा, मागची धुळीने बुजलेली जाळी साफ करा, कुणाचे आहेत तेच माहीत नसलेले जुने नमुने निकाली काढा.

फ्यूम हूड (रसायनांची वाफ ओढून बाहेर टाकणारं, पुढे सरकती काच असलेलं प्रयोगशाळेतलं कपाट) तर खोलीतली थंड केलेली हवा सतत बाहेर फेकत असतो. त्याची काच खाली ओढली की वीज वाचते, असं सरसकट सांगितलं जातं. हवेचा प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या हूडमध्येच ते खरं आहे. एकाच वेगाने हवा ओढणाऱ्या जुन्या हूडची काच सुरक्षिततेसाठी खाली हवीच, पण तेवढ्याने बिल फारसं उतरत नाही. तिथे एक्झॉस्टची यंत्रणाच बदलावी लागते.

कॅन्टीनच्या कचऱ्याचं खत करायला घेतलं आणि आठवड्यात दुर्गंधी सुटली, म्हणून प्रकल्प गुंडाळला जातो. कारण साधं असतं: नुसतं ओलं खरकटं टाकलं, हवा खेळली नाही. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या सुका पालापाचोळा घाला आणि ढीग वरचेवर खालीवर करा. वास आला तर पाला वाढवा, ढीग कोरडा पडून थंडावला तर पाणी शिंपडा. आणि तोच पाला कोपऱ्यात जाळणं आधी थांबवा!

झाडांबाबत एवढंच: बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवू नका, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय रोप लावू नका.

सगळा भार विद्यार्थ्यांच्या इको क्लबवर टाकणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मुलं मनापासून राबतात, पण तीन-चार वर्षांत पास होऊन जातात आणि त्यांच्याबरोबर नोंदीही जातात. वायरमन, प्लंबर, माळी आणि सफाई कर्मचारी वर्षानुवर्षं तिथेच असतात. कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणता पंप टाकी भरून वाहिली तरी चालूच राहतो, हे त्यांना पाठ असतं. पर्यावरण समितीच्या बैठकीला त्यांना बोलवा, त्यांची तक्रार इतिवृत्तात लिहा आणि दुरुस्तीची तारीख त्याच बैठकीत ठरवा.