लिनक्सवर आवाज येत नाही? साउंड कार्डच्या पिनांना हात लावण्याआधी या चुका टाळा

लिनक्स बसवल्यावर आवाज आला नाही की बहुतेक जण ड्रायव्हर शोधायला निघतात, आणि पहिली चूक इथेच होते. आल्सा ही ध्वनिप्रणाली २.६ आवृत्तीपासून कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग असल्यामुळे चिप बनवणाऱ्या कंपनीकडून ड्रायव्हर उतरवून घेण्याची सहसा गरज पडत नाही. टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' (aplay -l) ही आज्ञा दिल्यावर यादीत कार्ड दिसले, तर ड्रायव्हरने ते ओळखले आहे असे समजून पुढे जावे. यादी रिकामी असेल आणि लॅपटॉप इंटेलच्या अलीकडच्या पिढीतला असेल, तर एसओएफ फर्मवेअरचे (ध्वनी यंत्रणा चालवणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरचे) पॅकेज बसवले आहे का, हे आधी पाहावे.

कार्ड दिसत असूनही शांतता असेल, तर आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे मॉनिटर किंवा टीव्हीच्या केबलकडे, जात नाही ना, याची खात्री करावी. त्यानंतर आल्सामिक्सर (alsamixer) हे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारे साधन टर्मिनलमध्ये उघडून एफ६ ने योग्य कार्ड निवडावे आणि ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसते तिथे एम दाबून ती खुली करावी. हे अगदी क्षुल्लक वाटते, पण अनेकांची अडचण इथेच सुटते.

एवढ्यानेही भागले नाही, तरच पिनांकडे, म्हणजे ध्वनिचिपच्या जोडणीच्या टोकांकडे, वळावे. कोणती पिन स्पीकरला आणि कोणती हेडफोनला जोडली आहे, हे कोडेक चिपला (आवाजाचे संकेत रूपांतरित करणाऱ्या चिपला) बायोसकडून, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरकडून, कळते; ती माहिती चुकीची असेल, तर स्पीकर धडधाकट असूनही मिक्सरमध्ये त्याची पट्टीच उमटत नाही. 'प्रोक' मधील 'एसाउंड' फोल्डरात (/proc/asound) त्या कार्डाची कोडेक फाइल असते. तीत 'पिन डिफॉल्ट' समोर ४१११११एफ० असे मूल्य असेल, तर त्या पिनेला काहीही जोडलेले नाही असे बायोसचे म्हणणे असते. 'एचडीए जॅक रीटास्क' (hdajackretask) हे पिनांची मांडणी बदलणारे साधन अशा पिनाही दाखवते, मात्र त्या सगळ्या एकदम स्पीकर म्हणून जाहीर करण्याचा मोह आवरावा. एका वेळी एकच पिन बदलून आवाज तपासला, तरच खरी पिन कोणती ते कळते.

दुसऱ्याच्या लॅपटॉपसाठी सुचवलेला, ड्रायव्हरला जोडणीचा प्रकार सांगणारा 'मॉडेल' पर्याय जसाच्या तसा उचलणे ही तर हमखास फसवणारी चूक आहे, कारण चिप एकच असली तरी प्रत्येक बोर्डावर तिची जोडणी वेगळी असू शकते. डेस्कटॉपवर आणखी एक भानगड असते: जुन्या कॅबिनेटचे पुढचे जॅक एसी९७ या जुन्या ध्वनिपद्धतीचे असतील, तर हेडफोन लावला आहे की नाही हे बोर्डाला नीट कळत नाही आणि हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद करणारे 'ऑटो-म्यूट' मागचे स्पीकर विनाकारण बंद करते. अशा वेळी पिनांशी झटापट न करता आल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट बंद करावे, किंवा बायोसमध्ये फ्रंट पॅनेलचा प्रकार बदलावा.

पिन बदलून 'अप्लाय नाउ' दाबल्यावर उपकरण व्यग्र असल्याचा संदेश आला, तर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ (मागे चालणारी, आवाज हाताळणारी सेवा) तात्पुरते थांबवून पुन्हा प्रयत्न करावा. बदल कायम करणारे 'इन्स्टॉल बूट ओव्हरराइड' मात्र आवाज प्रत्यक्ष ऐकू आल्यावरच दाबावे. तोपर्यंत संगणक पुन्हा सुरू केला की मूळची मांडणी परत येते.