सहा चाकांची टिरेल आपल्या गेममध्ये आणायची तर काय काय करावं लागतं

कार रेसिंगचा गेम बनवणाऱ्या कंपनीला "प्लीज टिरेल पी३४ टाका ना" एवढी एक ओळ पाठवायची आणि मग प्रत्येक अपडेटला डोळे लावून बसायचं, अशाने काहीही होत नाही. मी पी३४ चंच उदाहरण घेतोय कारण एक तर माझा जीव आहे तिच्यावर, आणि दुसरं म्हणजे जुनी गाडी गेममध्ये आणताना जेवढ्या म्हणून भानगडी होतात त्या सगळ्या या एकाच गाडीत आहेत, हिचं गणित कळलं की तुमच्या आवडत्या गाडीचंही कळेल.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: टिरेल या रेसिंग टीमची १९७६ ची फॉर्म्युला वन कार, पुढे चार छोटी चाकं आणि मागे दोन मोठी. आपल्याकडे सहा चाकं म्हटलं की ट्रक आठवतो, पण टिरेलचा डिझायनर डेरेक गार्डनरने हे हवेसाठी केलं होतं. पुढचे टायर नाकाच्या आड लपले पाहिजेत म्हणून १० इंची चाकं लावली, आणि एवढ्याशा टायरची पकड कमी पडणार म्हणून दोनच्या जागी चार. आणि हे नुसतं सोंग नव्हतं हां, त्याच वर्षी स्वीडनला अँडरस्टॉर्पमध्ये जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक डेपाये दुसरा, दोन्ही पी३४.

पहिलं काम, नेमकी कुठली पी३४ पाहिजे ते ठरवा. १९७६ ची निळी, एल्फ या तेल कंपनीची जाहिरात असलेली वेगळी आणि १९७७ ची, रॉनी पीटरसन चालवायचा ती, वेगळी. ती जड झालेली, पुढचे छोटे टायर गुडइयरने म्हणावे तसे सुधारले नाहीत, त्यामुळे गाडी मागे पडली. "पी३४ द्या" म्हणण्यापेक्षा "१९७६ च्या स्वीडिश ग्रांप्रीची, शेक्टरची गाडी द्या" म्हणणारा माणूस समोरच्याला सीरियस वाटतो.

मग तुमचा गेम उघडा आहे की बंद ते बघा. ग्रान टुरिझ्मो ७, फोर्झा, आयरेसिंग हे बंद, तिथे गाड्या फक्त कंपनीच टाकते, तुम्ही मागणी करायची बस. असेटो कोर्सा आणि आरफॅक्टर २ मध्ये पीसीवर मोड (खेळाडूंनीच बनवलेल्या गाड्या वगैरे) चालतात, म्हणजे तिथे तुम्ही स्वतःच काहीतरी करू शकता. प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवाल्यांना मात्र हा रस्ता नाही, सॉरी.

बंद गेमवाल्यांनी लायसन्सचा, म्हणजे गाडी गेममध्ये वापरायच्या परवानगीचा विषय समजून घ्या, सगळं तिथेच अडतं. पोर्शेचंच बघा, २०१६ संपेपर्यंत तिचे गेमचे हक्क ईए या गेम कंपनीकडे होते, म्हणून कितीतरी गेममध्ये पोर्शेच्या जागी रुफ (पोर्शेवर आधारित गाड्या बनवणारी जर्मन कंपनी) यायची आणि आपण तीच पोर्शे समजून चालवायचो. टिरेलचं तर अजून वेगळं, टीम १९९७ च्या शेवटी विकली गेली, तिची बीएआर नावाची टीम झाली, मग होंडा, मग ब्रॉन, आणि आज त्याच वंशावळीत मर्सिडीज आहे. गाडीचं नाव एकाचं, अंगावरचा एल्फ दुसऱ्याचा, टायरवरचं गुडइयर तिसऱ्याचं, म्हणजे एका गाडीसाठी किती दारं वाजवायची! म्हणून मागणी लिहिताना कंपनीचं काम सोपं करा. एका मागणीत एकच गाडी. गेममध्ये त्या काळातल्या कुठल्या गाड्या आधीच आहेत ते लिहा, कारण एकट्या गाडीपेक्षा अख्खी ग्रिड, म्हणजे शर्यतीपुरत्या गाड्या होणार असतील तर त्यांनाही पटतं. आणि पी३४ अजूनही हिस्टॉरिक रेसमध्ये धावतात हे आवर्जून सांगा, कारण मापं घ्यायला आणि आवाज रेकॉर्ड करायला चालू गाडी लागते. वीस गाड्यांची यादी पाठवू नका, ती कोणी वाचत नाही.

आता उघडे गेम. असेटो कोर्सामध्ये तयार मोड मिळाला तर झिप फाईल कंटेंट मॅनेजर या असेटो कोर्साच्या वेगळ्या लाँचरवर ड्रॅग करून इन्स्टॉल दाबायचं, झालं. हाताने टाकायचा असेल तर गेमच्या फोल्डरमध्ये कंटेंट, त्यात कार्स, तिथे गाडीचं फोल्डर ठेवायचं. गाडीच्या झिपमध्ये ईएक्सई फाईल दिसली तर डिलीट मारा, गाडीला तिची काही गरज नसते. आणि दुसऱ्या गेममधून मॉडेल उचलून पैसे घेऊन विकणारे भरपूर आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका.

स्वतः बनवायची असेल तर खरी मजा आहे, पण वेळ जातो हे आधीच सांगतो. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मॉडेल करायचं, त्याची एफबीएक्स फाईल काढायची आणि गेमच्या एडिटरमधून गेमला लागणारी फाईल तयार करायची. इंजिनचं टेन्शन घेऊ नका, पी३४ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही आहे, तीन लिटर व्ही८, त्या काळात निम्म्या ग्रिडकडे तेच होतं त्यामुळे माहिती ढिगाने मिळते. डोकं खातात ती चाकं! असेटो कोर्साचं फिजिक्स चारच चाकं मोजतं. म्हणून पुढच्या प्रत्येक बाजूच्या दोन छोट्या टायरची पकड आणि दोन ब्रेकची ताकद एकाच चाकात बसवायची, त्या चाकाची जागा दोन अ‍ॅक्सलच्या मधोमध धरायची, आणि उरलेली चाकं नुसती दिसायला. हा जुगाड आहे, पण चालवताना फारसं कळत नाही. टायरचे आकडे मात्र एका वेळी एकच बदला, नाहीतर वळणावर गाडी कशाने सरळ जातेय तेच समजणार नाही.

कॉकपिट करताना दोन्ही बाजूंच्या छोट्या खिडक्या विसरू नका. ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावीत म्हणून त्या खरंच ठेवल्या होत्या, आणि त्या नसलेली पी३४ मी तरी डाउनलोड करणार नाही.

टेस्टिंगला अँडरस्टॉर्पचा ट्रॅक मिळाला तर सोन्याहून पिवळं. तिथली लांब सरळ रेषा म्हणजे विमानाची धावपट्टी आहे, टॉप स्पीड तिथेच तपासा, आणि त्याच्या शेवटी जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं आधी लॉक होत (फिरायची थांबत) असतील तर ब्रेकचा थोडा भार मागे सरकवा आणि परत एक लॅप मारा.