सिंगल कॉइल, पी-९० की हमबकर: तुलना करताना कान फसू नये म्हणून

एका इलेक्ट्रिक गिटारवर सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) ऐकायचा, दुसऱ्यावर हमबकर, आणि ‘हा जाड, तो पातळ’ असा निकाल द्यायचा. बहुतेक तुलना अशाच होतात आणि बहुतेक फसव्या असतात. त्या फरकात पिकअपचा वाटा किती आणि उंची, केबल, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रेझिस्टर), आवाजाची पातळी यांचा किती, हे आधी वेगळं काढावं लागतं.

स्ट्रॅटसारख्या (म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइलमध्ये चुंबकाच्या सहा कांड्या हेच पोल, म्हणजे तारांखालची टोकं, असतात, भोवती बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे. पी-९० देखील सिंगल कॉइलच, पण कॉइल रुंद आणि बसकी. पोल म्हणजे लोखंडी स्क्रू, चुंबकाच्या दोन पट्ट्या खाली आडव्या. वेढे जास्त, म्हणून मिडरेंज भरदार. हमबकर मुळात जन्मला तो हम (बाहेरच्या विजेच्या उपकरणांमुळे येणारी गुणगुण) घालवण्यासाठी: गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइलची जोडणी आणि चुंबकाची दिशा एकमेकींच्या उलट असते. वाजवलेल्या तारेचा सिग्नल जुळून वाढतो, बाहेरून आलेला हम वजा होतो. त्याचा गोलसर आवाज हे त्या युक्तीबरोबर आलेलं फळ.

आता तयारी. उत्तम तुलना म्हणजे तीच गिटार, तीच जागा, फक्त पिकअप बदललेला. हमबकरच्या आकाराचे पी-९० मिळतात, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. ते शक्य नसेल तर दोन गिटारवर एकाच ब्रँडच्या, एकाच गेजच्या, म्हणजे जाडीच्या (समजा १०-४६) नव्या तारा चढवा आणि नेकजवळच्या पिकअपची तुलना नेकजवळच्याशीच करा. एचएसएस (एक हमबकर, दोन सिंगल कॉइल) गिटारवर ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) हमबकर आणि नेकचा सिंगल कॉइल आलटून पालटून ऐकणं म्हणजे मुख्यतः जागेतला फरक ऐकणं. स्ट्रॅटच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागाही नको. तिथे दोन पिकअप एकत्र वाजतात.

मग उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पोलच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. स्ट्रॅटला जाड ई तारेखाली २.४ मिमी, बारीक ई खाली २ मिमी. हमबकरला नेकवर २.४, ब्रिजवर १.६ मिमी. सुरुवात इथून करा, नंतर कानाने हलवा. सिंगल कॉइल फार वर आणला तर चुंबक तारेलाच ओढतो: बाराव्या फ्रेटच्या पुढे जाड तार लहरते, ट्यूनर स्थिर राहत नाही. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागणं) बिघडलं म्हणून लोक सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) फिरवत बसतात. खरं तर पिकअप अर्धा मिलिमीटर खाली घेतला की काम होतं.

सगळ्यात जास्त घोळ केबलमुळे होतो, आणि त्याकडेच कुणी बघत नाही. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका विशिष्ट फ्रिक्वेन्सीवर आवाजात उंचवटा तयार होतो. पिकअपची ‘चमक’ म्हणतात ती मुख्यतः हीच. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, कॉइलची स्वतःची आणखी १०० धरू. २.४ हेन्री इंडक्टन्सचा सिंगल कॉइल ३ मीटर केबलवर सुमारे ५१०० हर्ट्झला उंचवटा देतो, ६ मीटरवर ३९०० ला. ४.५ हेन्रीचा हमबकर ३ मीटरवर ३७५० च्या जवळ येतो. म्हणजे लांब केबलवरचा सिंगल कॉइल आणि आखूड केबलवरचा हमबकर यांचे उंचवटे जवळजवळ एकाच जागी! केबल एकच वापरा.

पॉटचंही तसंच. सिंगल कॉइलला सहसा २५० के (किलोओहम), हमबकरला ५०० के. पॉट जितक्या कमी किलोओहमचा तितका तो उंचवटा दबतो. ५०० के च्या गिटारमध्ये बसवलेला सिंगल कॉइल कर्कश वाटतो आणि दोष पिकअपला लागतो. व्हॉल्यूम पॉटच्या दोन बाहेरच्या टोकांवर ४७० के चा रेझिस्टर लावला की एकूण २४२ के होतात.

रेकॉर्डिंग ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड इनपुटमधून करा. लाइन इनपुटमध्ये घातलं तर सगळेच पिकअप मंद आणि सारखे वाटतील. व्हॉल्यूम, टोन दोन्ही १० वर. प्रत्येक पिकअपवर तेच तीस सेकंद: मोकळा ई कॉर्ड, तिसऱ्या तारेवर पाचव्या ते बाराव्या फ्रेटपर्यंत सुटे सूर, पाम म्यूट (तळहाताने तारा हलके दाबून वाजवणं), आणि व्हॉल्यूम ७ वर आणून पुन्हा तो कॉर्ड. पिक तोच आणि मारण्याची जागाही तीच. ब्रिजपासून अंतर मोजून कागदी टेपची खूण करून ठेवा.

ऐकण्याआधी पातळी जुळवा. मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, आणि हमबकर सहसा मोठाच असतो. सरासरी पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणा, मग त्याच अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून दोन्ही फायली काढा. ही झाली सुरांच्या रंगाची तुलना. दुसरी फेरी पातळी न जुळवता, गेन वाढवून ऐका. अ‍ॅम्पला जोराने ढकलणं हाही पिकअपचा गुणच आहे. फायलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या. दहापैकी नऊ वेळा ओळखता आलं तर फरक खरा. सहा-सात वेळा जमलं तर तो नशिबाचाही भाग असू शकतो.

मल्टिमीटरवरच्या किलोओहमवरून आवाज ठरवू नका. कॉइलची तांब्याची तार बारीक वापरली की वेढे तेवढेच असूनही आकडा वाढतो. उन्हाळ्यात २० अंशांवरून ३० वर गेलं तरी ८ किलोओहमचे ८.३ होतात.

हम वेगळा तपासा: तारांवर हात ठेवून गिटार हळूहळू फिरवा. सिंगल कॉइलमध्ये हम दिशेनुसार कमी-जास्त होतो. हात उचलताच भणभण वाढली तर शिल्डिंग कमी आहे. हात लावल्यावर वाढली तर अर्थिंगची जोडणी तपासा. पंख्याचा किंवा दिव्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर चालू असेल तर आधी तो बंद करा.

हमबकरची एक कॉइल बंद करून ‘सिंगल कॉइल मिळाला’ असं समजू नका. उरलेल्या कॉइलमध्ये वेढे सुमारे पाच हजार, पोल लोखंडी आणि चुंबक खाली. आवाज पातळ होतो, स्ट्रॅटसारखा नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना केबलची लांबी फारशी बाधत नाही, त्यामुळे पॅसिव्हशी त्यांची तुलना ३ मीटर आणि ६ मीटर अशा दोन्ही केबलवर करा.